थकबाकी

मी एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात काम करते. हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते, हा नियम गेल्या १६ वर्षांत माझ्या इतका अंगवळणी पडला आहे की घरातल्या गोष्टींकडेही मी त्याच नजरेने पाहू लागले होते, आणि हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. नवऱ्याबरोबर शेवटचा शरीरसंबंध कधी आला, त्याला किती आठवडे झाले, आणि आणखी किती दिवस काही ना काही कारण सांगून ढकलता येतील, याचा हिशेब मी कोथरूडहून लक्ष्मी रस्त्याला येणाऱ्या बसमध्ये जवळजवळ रोज मांडत असे. महिना उलटू लागला की छातीत धडधड सुरू व्हायची. मग एखाद्या शनिवारी मनाचा हिय्या करून मी तो हप्ता भरायची. दुसऱ्या दिवशी सकाळी जे वाटायचे त्याला सुख म्हणता येणार नाही. पुढचे तीन-चार आठवडे सुटका झाली, एवढेच.

हे नेमके कधी सुरू झाले ते मला सांगता येणार नाही. लग्नानंतरची दहा-बारा वर्षे मला इच्छा होत असे आणि कित्येकदा पुढाकारही माझाच असे, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण ‘तुम्हाला मुळातच आवड नसेल’ हे वाक्य मला पुढे ऐकावे लागले. २०२१ च्या उन्हाळ्यात माझे वडील करोनाने गेले. त्यानंतर झोप उडाली, बँकेचा जिना चढताना जीव घाबरा होऊ लागला, आणि मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम ही गोळी सुरू केली. त्या गोळीने मला पुन्हा उभे केले, याबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे. पण त्याच सुमारास केव्हातरी इच्छा मंदावत गेली आणि मग दिसेनाशीच झाली. नवऱ्याविषयी राग नव्हता, किळस नव्हती. पोट भरलेल्या माणसापुढे कुणी पुन्हा ताट वाढावे, तसे काहीसे व्हायचे.

या अवस्थेला आपल्याकडे चारचौघांत वापरता येईल असा शब्द नाही. ‘कामेच्छा’ हा शब्द पुस्तकात शोभतो, दुसऱ्या टोकाला शिव्या आहेत, आणि या दोहोंच्या मध्ये संसारी बाईजवळ ‘डोकं दुखतंय’ एवढे एकच वाक्य उरते. मी तेही फार वापरले नाही. मी स्वयंपाकघरात रेंगाळायची. मटकी भिजत घालायची, मुलीच्या गणवेशाला इस्त्री करायची, ओटा दुसऱ्यांदा पुसायची, आणि आतून घोरण्याचा आवाज आला की झोपायला जायची. सर्वांत वाईट म्हणजे, त्याने चहाचा कप देताना सहज खांद्यावर हात ठेवला तरी मी अंग चोरू लागले होते. स्पर्श म्हणजे वसुलीची नोटीस, असे मनाने पक्के धरले होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, मी धीर करून एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझे बोलणे अर्धवट ऐकून विचारले, “मिस्टरांची काही तक्रार आहे का?” मी नाही म्हटल्यावर त्यांनी, एक मूल झाले आहे, वयही झाले आहे, आता या गोष्टींचा एवढा विचार कशाला करता, अशा अर्थाचे काही सांगून जीवनसत्त्वांच्या गोळ्या लिहून दिल्या. तक्रार नवऱ्याची असती तर ती खरी ठरली असती आणि बायकोची असल्यामुळे ती करमणूक ठरली, हा सल माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पुढचे दोन महिने शेजारच्या काकूंच्या सल्ल्याने मी दुधातून शतावरी कल्प घेतला. तो चवीला फार छान लागतो, आणि माझ्या बाबतीत त्याचा तेवढाच गुण आला.

दुसऱ्या डॉक्टरांकडे मी खरे तर वेगळ्याच कारणासाठी गेले होते. पाळीत रक्तस्राव फार होऊ लागला होता, म्हणून मैत्रिणीने नळ स्टॉपजवळच्या तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा पत्ता दिला. त्यांनी पाळी, झोप, बद्धकोष्ठ यांविषयी विचारता विचारता त्याच सुरात “संबंधांच्या वेळी काही अडचण?” असे विचारले आणि मी सवयीने “नाही” म्हणून मोकळी झाले. तपासणी झाली, चिठ्ठी हातात आली, मी पर्स उचलून दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, “डॉक्टर, एक विचारायचं होतं.” त्या हसल्या. दाराला हात लावल्याशिवाय हा विषय सहसा निघतच नाही, असे त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मला परत बसवून घेतले.

त्यांनी पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली पुढे ठेवली. पूर्वी तुमची इच्छा तुम्हाला समाधानकारक वाटत होती का. ती कमी झाली आहे का. कमी झाल्याचा तुम्हाला त्रास होतो का. ती वाढावी असे तुम्हाला वाटते का. आणि पाचव्यात, आजारपण, औषधे, बाळंतपण किंवा रजोनिवृत्ती, वेदना किंवा कोरडेपणा, जोडीदाराची स्वतःची अडचण, नात्यातली नाराजी, ताण किंवा थकवा, यांपैकी कशाचा संबंध असेल असे वाटते. पहिल्या तीन प्रश्नांना मी पटापट ‘हो’ म्हटले. चौथ्यालाही म्हटले, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवून विचारले, “कुणासाठी?”

मला उत्तर देता आले नाही. त्यांनी तो प्रश्न तसाच राहू दिला आणि पुढचे समजावून सांगितले. इच्छा कमी असणे हा आपोआप आजार होत नाही. काही स्त्रियांना ती आयुष्यभर कमी असते किंवा नसतेच, त्यांना त्याचे काही वाटत नाही, आणि अशा बाईला ओढूनताणून रुग्ण करण्याचे कारण नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये निदानाचे निकष सुधारले, तेव्हा स्त्रियांच्या बाबतीत इच्छा आणि उत्तेजना यांच्या तक्रारी एकत्र आणल्या, आणि निदानासाठी किमान ६ महिने हा प्रकार चालू असला पाहिजे व त्या स्त्रीला स्वतःला त्याचा लक्षणीय त्रास होत असला पाहिजे, अशी अट घातली. जोडीदाराला किती वेळा हवे आहे आणि तिला किती वेळा, एवढ्या फरकावरून निदान करता येत नाही. शिवाय एखाद्या औषधामुळे, दुसऱ्या आजारामुळे किंवा नात्यातल्या मोठ्या ताणामुळे असे होत असेल, तर आधी तिकडे पाहायचे. मग त्यांनी, दार बंद आहे याची खात्री करून, घरी कधी जबरदस्ती होते का, नवऱ्याची भीती वाटते का, असे सरळ विचारले. तसे काही नव्हते. पण ज्या बाईच्या बाबतीत ते असेल तिच्या इच्छेवर उपचार करणे म्हणजे जखम सोडून लुगड्याला टाका घालणे होय, आणि म्हणून हा प्रश्न प्रत्येकीला एकटीला विचारला गेला पाहिजे, असे मला वाटते.

पाचव्या प्रश्नातल्या चार गोष्टींपुढे माझी खूण झाली: औषध, कोरडेपणा, थकवा आणि आजारपण. आजारपणाची खूण त्या दिवशी त्यांनी पेन्सिलीने केली होती. रक्ताचे अहवाल आल्यावर ती पेनाने झाली. हिमोग्लोबिन ९.६ निघाले, जे १२ च्या वर असायला हवे. थायरॉईडची टीएसएच ही चाचणी ११.४ आली, म्हणजे बरीच वाढलेली; थायरॉईड मंदावल्याची ती खूण. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक किंचित जास्त होते, पण थायरॉईड मंदावला की तेही वाढू शकते, तेव्हा आधी थायरॉईडवर उपचार करून मग पुन्हा पाहू, असे ठरले, आणि पुढे ते खरोखर खाली आले. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. हा आकडा मी पूर्वीही वाचला होता, पण त्या ५७ मध्ये मी असेन असे मला कधी वाटले नव्हते, कारण मी रोज पालेभाजी खाते आणि जिना चढते. संध्याकाळी सात वाजता पायांत गोळे येणे, केस गळणे, सतत थंडी वाजणे, हे सगळे मी वयाच्या नावावर खर्ची टाकले होते. ज्या शरीराला रात्री दहा वाजता उभे राहायची ताकद नव्हती, त्याच्याकडे मी आणखी एका कामाची मागणी करत होते.

उपचारांतला सर्वांत कठीण भाग म्हणाल तर तो चहाचा होता. थायरॉईडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास, शक्य तर तासभर, चहासुद्धा नाही. लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवायची, आणि लोहाच्या गोळीच्या आगेमागेही चहा नाही. सव्वापाचला उठणाऱ्या आणि पावणेसहाला आल्याचा चहा घेतल्याशिवाय कुकर न लावणाऱ्या बाईला हे सांगणे सोपे आहे. शेवटी गोळी आणि पाण्याचा पेला उशाशी ठेवून पावणेपाचला गजर लावायचा, गोळी घ्यायची आणि परत झोपायचे, असा मार्ग काढला. लोहाची गोळी दुपारी बँकेत, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. सात आठवड्यांनी टीएसएच ४.१ वर आली. थकवा कमी झाला, हातपाय हलके वाटू लागले, गौरींचे दोन दिवस मी न रडता पार पाडले. इच्छा मात्र होती तिथेच होती.

यानंतर प्रश्न आला गोळीचा. एस्सिटालोप्राम ज्या गटातले आहे त्या गटातल्या औषधांनी इच्छा कमी होणे, उत्तेजना न येणे, परमोच्च क्षण लांबणे किंवा मुळीच न येणे, हे नेहमी आढळणारे परिणाम आहेत. मला तीन वर्षांत ते कुणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायला डॉक्टरांनीच सांगितले, आणि त्याचबरोबर स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही, असेही बजावले. अचानक सोडल्यास चक्कर येते, झोप उडते, चिडचिड होते, आणि मूळ आजार उलटण्याची भीती असतेच. मानसोपचारतज्ज्ञांनी तीन शक्यता पुढे ठेवल्या: मात्रा कमी करून पाहणे, हा परिणाम कमी असलेल्या बुप्रोपिऑनसारख्या दुसऱ्या औषधावर जाणे, किंवा बराच काळ मी स्थिर असल्यामुळे हळूहळू गोळी थांबवून पाहणे. आम्ही तिसरा मार्ग धरला. १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणि तिथून शून्यावर यायला मला तीन महिने लागले, आणि त्या काळात नवऱ्याला एकच काम दिले होते: मी घाबरी होऊ लागले असे वाटले तर स्पष्ट सांगायचे. ज्यांना त्या गोळीची गरज आहे त्यांनी माझे उदाहरण घेऊ नये. मनाचा आजार परत आला तर इच्छाही त्याच्याबरोबर जाते.

मी वाचून वाचून बरेच प्रश्न घेऊन गेले होते. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक मोजून पाहू का, हा त्यांतला एक. डॉक्टरांनी सांगितले की रक्तातल्या त्याच्या पातळीवरून स्त्रीच्या इच्छेचे निदान होत नाही. अनेक देशांच्या तज्ज्ञसंस्थांनी मिळून २०१९ मध्ये जे एकमत जाहीर केले, त्यानुसार टेस्टोस्टेरॉनच्या उपचाराला पुरेसा पुरावा आहे तो रजोनिवृत्तीनंतरच्या, इच्छा कमी झाल्याचा त्रास असलेल्या स्त्रियांसाठी, आणि तोही स्त्रियांना मानवेल एवढ्या मात्रेत. माझी पाळी चालू होती. दुसरा प्रश्न ‘बायकांच्या व्हायग्रा’चा. फ्लिबॅन्सेरिन या गोळीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१५ मध्ये, रजोनिवृत्तीपूर्वीच्या स्त्रियांसाठी, मान्यता दिली. २०१९ मध्ये ब्रेमेलॅनोटाइड हे टोचून घ्यायचे औषध आले. व्हायग्रा रक्तप्रवाहावर काम करते आणि फ्लिबॅन्सेरिन मेंदूतल्या रसायनांवर, तेव्हा ते टोपणनावच चुकीचे आहे. ती गोळी रोज रात्री घ्यावी लागते, तिने गुंगी येते, रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते, मद्याबरोबर तर विशेष जपावे लागते, आणि चाचण्यांमध्ये औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला सारख्या गोळीच्या तुलनेत तिचा फायदा माफकच दिसला. “तुमची कारणं डोळ्यांसमोर दिसताहेत, ती सोडून याच्या मागे का जायचं?” असे त्या म्हणाल्या. मला ते पटले, पण कबूल करते की थोडी निराशाही झाली. एक गोळी आणि काम फत्ते, असे कुणाला नको असते?

त्या दिवशी नळ स्टॉपच्या स्थानकावर वनाजकडे जाणाऱ्या मेट्रोची वाट पाहत मी खालच्या कर्वे रस्त्याकडे पाहत उभी होते. रस्ता महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या नावाचा. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले, आणि कामसुखावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, हे मराठीत, पूर्ण वाक्यांत लिहिले. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ मधल्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. नव्वद वर्षांनी त्याच आडनावाच्या रस्त्यावर मी हातातली चिठ्ठी कुणी वाचेल म्हणून दुमडून ब्लाउजमध्ये ठेवत होते.

डॉक्टरांनी मला आणि नवऱ्याला डेक्कनवरच्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवले. एका वेळचे १५०० रुपये. आम्ही एकूण नऊ वेळा गेलो. नवरा पहिल्यांदा नाखुशीने आला. तो अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, आणि घरातली गोष्ट बाहेर मांडणे त्याला कमीपणाचे वाटत होते. अर्धा तास तो जवळजवळ गप्प होता. मग बाईंनी विचारले की ती नाही म्हणते तेव्हा तुम्हाला काय वाटते, त्यावर तो म्हणाला, “ती नाही म्हणते त्याचं काही नाही. ती हो म्हणते तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.” आणि थोड्या वेळाने, “म्हणून मी महिन्यातून एकदाच विचारतो.” म्हणजे मी ज्या तारखेला घाबरून दिवस मोजत होते, तीच तारीख तोही, मला त्रास कमी व्हावा म्हणून, मोजत होता. खाते दोन्ही बाजूंनी लिहिले जात होते.

बाईंनी दोन गोष्टी समजावल्या, ज्या मला शाळेत नाही तरी निदान लग्नाआधी कुणी सांगायला हव्या होत्या. पहिली म्हणजे, इच्छा नेहमी आधी येते असे नाही. कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० मध्ये मांडले की अनेक स्त्रियांच्या बाबतीत, विशेषतः जुन्या नात्यात, सुरुवात इच्छेने होत नाही; जवळीक हवीशी वाटते म्हणून ती तयार होते, स्पर्शाने शरीर जागे होते आणि इच्छा त्यानंतर येते. भूक नसताना पानावर बसावे आणि फोडणीच्या वासाने भूक लागावी, तसे. हे ऐकून मला हायसे वाटले आणि लगेच भीतीही वाटली, कारण या मांडणीचा अर्थ ‘सुरू तर कर, मग होईल इच्छा’ असा लावणारे नवरे आणि सासवा कमी नाहीत. बाईंनी तो अर्थ तिथल्या तिथे खोडून काढला. पानावर बसायचे की नाही हे जिचे तिने ठरवायचे, आणि बसल्यावर भूक लागली नाही तर उठण्याची मोकळीक असायची, तरच ही मांडणी लागू पडते. दुसरी गोष्ट ब्रेकची. मेंदूत या बाबतीत गती देणारी आणि रोखणारी अशा दोन यंत्रणा असतात, आणि बहुतेक जोडपी ब्रेकवर पाय ठेवून ॲक्सिलरेटर पिळत बसतात. माझे ब्रेक कोणते, ते आठवडाभर वहीत लिहून आणायला त्यांनी सांगितले.

त्या वहीत पहिली नोंद निघाली ती दाराच्या कडीची. आमच्या झोपायच्या खोलीचे दार पावसाळ्यात फुगते आणि कडी बसत नाही. अकरा वर्षे ती बसत नव्हती. पलीकडच्या खोलीत दहावीची मुलगी आणि बाहेर दिवाणावर सासूबाई, ज्या रात्री दोनदा उठतात. मला वाटायचे की मला इच्छा नाही. वहीत लिहिताना कळले की त्या खोलीत माझे अर्धे लक्ष कायम दाराकडे असते. दुसऱ्या रविवारी सुतार आला, त्याने दार रंधून नवी कडी बसवली. सासूबाईंनी विचारले, “आताच कशाला कडी?” मी गप्प. नवरा म्हणाला, “आई, आम्हाला लागते.” लग्नाला १९ वर्षे झाल्यावर त्याच्या तोंडचे इतके आवडलेले वाक्य मला दुसरे आठवत नाही.

बाकीच्या नोंदी घरकामाच्या होत्या. त्या मी मोठ्याने वाचल्यावर नवऱ्याने आठ दिवस रात्रीची भांडी घासली आणि नवव्या दिवशी माझ्याकडे आशेने पाहिले. पुढच्या वेळी हे सांगितले तेव्हा बाई खळखळून हसल्या. भांडी घासली म्हणून संबंध मिळणार असतील तर तो आणखी एक हप्ता झाला, फक्त भरणारा बदलला, असे त्या म्हणाल्या. भांडी घरातली आहेत म्हणून घासायची. हे त्याच्या पचनी पडायला वेळ लागला. आता तो घासतो, आणि पाहत नाही.

मग त्यांनी आमच्या संबंधांवर सहा आठवड्यांची बंदी घातली. हा मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधक जोडीने विकसित केलेल्या स्पर्शाच्या सरावाचा भाग होता. आठवड्यातून दोनदा, वीस-पंचवीस मिनिटे, एकाने दुसऱ्याला स्पर्श करायचा आणि मग अदलाबदल. सुरुवातीला छाती आणि जननेंद्रिये पूर्ण वर्ज्य. उत्तेजित होणे किंवा करणे हा उद्देशच नाही. लक्ष द्यायचे ते ऊब, गारवा, खरखर, दाब यांकडे. पुढचे टप्पे नंतर, सावकाश. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना सहा महिने स्थगिती दिली होती, तेव्हा फोनवरच्या कर्जदारांचे आवाज कसे सैल पडले होते, ते मला आठवते. फरक इतकाच की त्या स्थगितीत व्याज चालू होते.

पहिला सराव पूर्णपणे फसला. बाहेर मालिका चालू होती, मला मुलीच्या भूमितीच्या वहीची आठवण झाली, आणि माझी पाठ चोळून घेण्याऐवजी नवऱ्याची पाळी आधी लावली म्हणून तो बारा मिनिटांत झोपला. दुसऱ्या वेळी गुदगुल्या झाल्या. चौथ्या की पाचव्या वेळी मी त्याच्या दंडावरून बोटे फिरवत होते आणि लहानपणच्या बीसीजीच्या लशीच्या खुणेपाशी थांबले. ती खूण मी हजारदा पाहिली असेल. तिच्या कडेला बारीक चुण्या आहेत आणि मधला भाग बाकीच्या कातडीपेक्षा गुळगुळीत आहे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. मी बराच वेळ तिथेच राहिले. काही द्यायचे नव्हते, कुठे पोहोचायचे नव्हते, आणि त्या रात्री तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने हात माझ्याकडे वळवला तेव्हा माझे अंग आक्रसले नाही. सहा आठवड्यांची बंदी आम्ही पाचव्या आठवड्यात मोडली. बाईंना हे अपेक्षित होते, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

कोरडेपणाचा उपाय त्यामानाने साधा निघाला: पाण्यावर आधारित वंगणाची जेल. डॉक्टरांनी खोबरेल तेलाबद्दल मुद्दाम सांगितले, कारण ते घराघरांत वापरले जाते. कोणत्याही तेलाने लॅटेक्सचा निरोध फाटू शकतो, तेव्हा दोन्ही एकत्र वापरायचे नाहीत. शिवाय दुखत असताना सहन करत राहिले तर शरीर पुढच्या वेळी आधीच आखडते, आणि अशा वेळी इच्छा गेली म्हणून तक्रार करणे व्यर्थ आहे. आधी दुखणे थांबवायचे.

या सगळ्यातून एक वेगळीच गोष्ट घडली. माझी जेलची नळी कपाटात दिसल्यावर सासूबाईंनी, वय ७२, दुपारी भाजी निवडताना विचारले की ही आगीवर चालते का. मला आधी अर्थच लागला नाही. कित्येक वर्षे त्यांना खाली जळजळ आणि वारंवार उन्हाळी लागण्याचा त्रास होता, आणि त्या धने-जिऱ्याचे पाणी पिऊन तो उष्णतेच्या नावावर सोसत होत्या. मी त्यांना त्याच डॉक्टरांकडे नेले. लघवीची तपासणी झाली, आणि रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्याने योनीमार्ग आणि मूत्रमार्ग कोरडे व नाजूक होतात, असे निदान निघाले. स्थानिक लावायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेनचे मलम मिळाले, आधी दोन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा. दोन महिन्यांत जळजळ गेली. कडीबद्दल त्यांनी पुन्हा काही विचारले नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मी तपासणीला गेले तेव्हा हिमोग्लोबिन १२.३ होते आणि टीएसएच २.६. इच्छेचे म्हणाल तर ती पंचविशीतल्यासारखी नाही. कधी आठवड्यात दोनदा जाग येते, मुलीच्या परीक्षेच्या महिन्यात मुळीच आली नव्हती, आणि मार्चअखेरच्या गर्दीत तर तिचे नावही निघाले नाही. पण तेव्हा मी दिवस मोजले नाहीत, आणि हे मला एप्रिलमध्ये आठवले. डॉक्टरांनी तीच पाच प्रश्नांची प्रश्नावली पुन्हा काढली. कमी झाली आहे का, याला मी ‘हो’ म्हटले. त्रास होतो का, याला ‘नाही’. चौथ्या प्रश्नाशी त्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या.

“मंगळवारी विचारलं असतंत तर हो म्हटलं असतं,” मी म्हणाले, “आज नाही.”

त्यांनी दोन्ही चौकटी रिकाम्या सोडल्या आणि सहा महिन्यांनी टीएसएच करून या, असे लिहून दिले.